मोगलीचा कायदा, जोतीरावांचा असूड

बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने ज्या सोसायट्या आहेत त्यांतल्या एकीत मी राहतो. हिवाळ्यात कधीतरी पहाटे मागच्या भिंतीवरून बिबट्या उतरतो, पार्किंगमधून एक फेरी मारतो आणि आला तसा जातो. मग सकाळभर सीसीटीव्हीचं ते चित्रण सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत राहतं. मोठी माणसं त्याला बिबट्या म्हणतात. मुलं मात्र म्हणतात, "बघीरा आला होता!" पुस्तकातला बघीरा काळा कुळकुळीत, आमच्याकडचा ठिपक्यांचा. मुलांना त्याने काही फरक पडत नाही.

हे नाव ज्या लेखकानं ठेवलं तो आपल्याच शहरात जन्मला. रुडयार्ड किपलिंग. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कवी-कादंबरीकारांमध्ये मुंबईवर जन्मानं हक्क सांगणारा एवढा मोठा दुसरा कुणी नाही. आणि तरी त्याच्याविषयी बोलायचं म्हटलं की आपली जीभ अडखळते. 'साम्राज्यवादी होता, पण लिहायचा छान' या वाक्यावर बहुतेक चर्चा सुरू होते आणि तिथेच संपते. मला ते वाक्य आता पुरत नाही. त्यातल्या 'पण'च्या अलीकडे काय आहे आणि पलीकडे काय, हे एकदा नीट पाहावं म्हणून हा आढावा.

जन्म ३० डिसेंबर १८६५, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. वडील जॉन लॉकवुड किपलिंग त्याच वर्षी तिथे शिल्पकला शिकवायला आले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं मुंबईच्या कापसाला आलेली तेजी नुकतीच कोसळली होती, पण त्या पैशातून उभ्या राहणाऱ्या इमारतींचं काम चालू होतं. समोरच क्रॉफर्ड मार्केट बांधलं जात होतं. ते १८६९ साली पूर्ण झालं आणि त्याच्या प्रवेशद्वारावरची उठावशिल्पं लॉकवुडनं केली. जे. जे.च्या आवारात आजही एक जुना लाकडी बंगला आणि किपलिंगच्या जन्माची पाटी आहे. वास्तू त्याच्या जन्मानंतरची आहे असं जाणकार सांगतात, जागा मात्र तीच.

मृत्यूनंतर १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्यानं पहिल्या पाच वर्षांचं वर्णन केलंय. ते वाचताना मुंबईकराला आपलं शहर वासासकट ओळखू येतं. पहाटे आयेबरोबर फळबाजारात जाणं, टोपल्यांतली सोनेरी-जांभळी फळं. आया पोर्तुगीज कॅथलिक. वाटेतल्या क्रुसापाशी ती प्रार्थना करी आणि हे पोर शेजारी उभं राही. मीता नावाचा हिंदू गडी त्याला देवळांत नेई. दुपारी झोपताना गोष्टी आणि अंगाईगीतं ऐकायची ती या दोघांकडून, त्यांच्या भाषेत. मग स्वच्छ कपडे घालून जेवणघराकडे पाठवताना त्याला बजावलं जाई, आता आई-बाबांशी इंग्रजीत बोल. तो विचार करायचा आणि स्वप्नं पाहायचा ती भाषा निराळी होती. घरातल्या मोठ्यांसाठी तो मनातल्या मनात भाषांतर करून बोलायचा. माझ्या मते पुढच्या सगळ्या किपलिंगचं मूळ या दारात आहे. दाराच्या अलीकडे एक भाषा, पलीकडे दुसरी, आणि मधे उंबरठ्यावर एक पाच वर्षांचा मुलगा.

१८७१ मध्ये हा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण ट्रिक्स इंग्लंडला साउथसी इथे एका परक्या कुटुंबाकडे ठेवली गेली. तेव्हाच्या गोऱ्या घरांची ती रीतच होती. पण काय होतंय हे मुलांना सांगितलंच नव्हतं. त्या घरात सहा वर्षं मारझोड, धाक आणि देवाधर्माच्या नावानं छळ. १८७७ मध्ये आई आली. रात्री पापा घ्यायला ती पलंगाशी वाकली तेव्हा, सवयीनं, या मुलानं थप्पड चुकवायला हात वर केला. हा प्रसंग त्यानं आत्मवृत्तात दोन ओळींत लिहून सोडून दिलाय. मी मात्र तिथे दर वेळी थांबतो.

सोळाव्या वर्षी, १८८२च्या ऑक्टोबरात, तो परत मुंबई बंदरात उतरला. पुढे लाहोरला 'सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट' आणि मग अलाहाबादच्या 'पायोनियर'मध्ये वार्ताहरकी. सात वर्षांत त्यानं उत्तर हिंदुस्थान पायाखाली घातला, कविता लिहिल्या, कथांची पुस्तकं काढली आणि १८८९ मध्ये तो निघून गेला. १८९१ च्या एका छोट्या भेटीनंतर तो हिंदुस्थानात पुन्हा आला नाही. 'जंगल बुक' (१८९४), त्याचा दुसरा भाग (१८९५), 'किम' (१९०१) ही त्याची सर्वोत्तम हिंदुस्थानी पुस्तकं इथून दूर लिहिलेली आहेत. मोगलीची पहिली गोष्ट तर अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बर्फात लिहिली. १९०७ साली नोबेल मिळालं तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. साहित्याचं नोबेल इतक्या कमी वयात आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्याला ते मिळण्याची ती पहिली वेळ होती.

आता आपली, म्हणजे मराठी वाचकाची, अडचण. या माणसाच्या हिंदुस्थानात आपण कुठे आहोत?

तो जन्मला त्याच्या आदल्या वर्षी हरि नारायण आपटे जन्मले. तो सव्वा वर्षाचा असताना, त्याच मुंबईत, आत्माराम पांडुरंग आणि त्यांचे सोबती प्रार्थना समाज काढत होते. १८८५च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन मुंबईत भरलं तेव्हा तो लाहोरला बातम्या लिहीत होता, आणि पुढे त्यानं काँग्रेसची टिंगल करणारी कथाही लिहिली. शिकलेला, इंग्रजी बोलणारा, हक्क मागणारा हिंदी माणूस त्याच्या लेखनात आला की त्याची लेखणी एकदम कोती होते. शिपाई, फकीर, घोड्यांचा व्यापारी, म्हातारी आजी यांना तो जीव लावतो. वकील आणि पदवीधर दिसले की वाकडं बोलतो. ज्या वर्षांत हरिभाऊ 'करमणुकी'तून 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहून मराठी घराच्या माजघरात दिवा नेत होते, त्या वर्षांत हा प्रतिभावान कथाकार त्या माजघराच्या ओसरीवरही पोचला नव्हता. त्या कादंबरीतल्या यमूसारखी बाई त्याला दिसूच शकली नसती. गोऱ्या वार्ताहराला ते दार बंद होतं, हे खरं. पण दारामागे कुणी विचार करणारं माणूस असेल ही शक्यताच त्यानं फारशी मानली नाही, हा दोष त्याचा स्वतःचा.

'किम'मध्ये एक मराठी माणूस आहे. गुप्त कामगिरीवरचा हेर, नाव नाही, फक्त खूण : ई तेवीस. दिल्लीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एक किरकोळ बांध्याचा, जखमी, घाबरलेला माणूस चढतो आणि त्याच्या घट्ट बांधलेल्या पागोट्याच्या कलावरून कादंबरीचा नायक किम ओळखतो की हा मराठा असावा. त्याच्यावर खुनाचा खोटा आरोप आहे, पुढच्या स्टेशनवर पोलीस वाट बघतायत. किम चिलमीतली राख, पीठ आणि रंग घेऊन चालत्या गाडीत त्याचा साधू करून टाकतो. शेजारी पंजाबी शेतकरी आजारी पोराला मांडीवर घेऊन थक्क होऊन बघत असतो. कादंबरीतला हा एक सर्वांत जिवंत प्रसंग आहे. पागोट्याच्या कलावरून मुलूख ओळखणारी नजर ज्याला आहे त्याला हिंदुस्थान कळत नव्हता असं मी म्हणू शकत नाही. पण त्याच नजरेला पागोट्याखालच्या माणसाचं नाव विचारावंसं वाटलं नाही.

१८९७ हे साल घ्या. त्या जूनमध्ये राणीच्या राज्याचा हीरक महोत्सव झाला. २२ जूनच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या समारंभावरून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. पुढच्याच महिन्यात किपलिंगची त्या महोत्सवावरची प्रार्थना-कविता लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आली. ती कविता विजयाचा ढोल वाजवत नाही. साम्राज्यं धुळीला मिळतात, गर्वानं फुगू नका असं ती आपल्याच लोकांना बजावते. एवढं त्याला दिसत होतं. आणि त्याच कवितेत 'कायदा' नसलेल्या लोकांविषयी एक तुच्छतेचा शब्दही आहे. दोन वर्षांनी फिलिपाइन्स ताब्यात घेणाऱ्या अमेरिकेला उद्देशून त्यानं 'गोऱ्या माणसाचं ओझं' लिहिलं. १९२० मध्ये जालियनवाला बागेच्या डायरसाठी निधी जमवला गेला त्यात त्यानं १० पौंड दिले. हा हिशेब झाकून ठेवायचं कारण नाही, आणि त्याच्या पुस्तकांच्या लाडात तो विसरायचंही नाही.

समीक्षकांनी या गाठीशी वेगवेगळ्या बाजूंनी झटापट केली आहे. जॉर्ज ऑरवेलनं १९४२ साली त्याला साम्राज्याचा उघड पाठीराखा म्हटलं आणि हे मान्य केल्यावरच पुढचा प्रश्न विचारला : मग तो टिकला कसा? एडवर्ड सैदनं 'किम'बद्दल फार नेमकं सांगितलं, की हिंदुस्थानावरचं प्रेम आणि सरकारची चाकरी यांत किमला संघर्ष वाटत नाही, कारण किपलिंगच्या दृष्टीनं तो संघर्ष नव्हताच. आशिस नंदींनी १९८३च्या पुस्तकात त्या पाच वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवलं. आपल्यातला हिंदुस्थानी अंश तोडून टाकल्याशिवाय ज्याला गोऱ्यांच्या जगात जागा नव्हती असा तो मुलगा. नीरद चौधुरींसारख्या कडव्या वाचकानं 'किम'ला हिंदुस्थानविषयीची इंग्रजीतली सर्वोत्तम कादंबरी मानलं. मुंबईतच जन्मलेल्या सलमान रश्दींना त्याच्यात दोन भांडणारी माणसं दिसली. मला नंदी सगळ्यात जवळचे वाटतात. तरी या सगळ्यांनी शहरं, शाळा, छावण्या आणि आगगाड्या पाहिल्या. जंगलाकडे कमी पाहिलं. माझी खिडकी जंगलावर उघडते, म्हणून असेल, पण मला वाटतं किपलिंगचा खरा राजकीय विचार त्याच्या सैनिकी कवितांपेक्षा मोगलीच्या जंगलात जास्त स्वच्छ दिसतो.

आधी त्या जंगलाचं श्रेय. मोगलीचं जंगल सिवनीचं, आणि तो मुलूख किपलिंगनं पाहिलेला नव्हता. तो त्यानं बराचसा रॉबर्ट स्टर्नडेल याच्या पुस्तकांतून घेतला : सातपुड्यातल्या मुक्कामांवरचं १८७७ चं 'सिवनी' आणि सस्तन प्राण्यांवरचा १८८४ चा ग्रंथ. हा स्टर्नडेल मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वर्तुळातला; तिच्या नियतकालिकाचा एक संपादक होता. सोसायटी १८८३ साली निघाली तेव्हाच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. आज गोरेगावला, फिल्म सिटीच्या शेजारी, त्याच सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. शाळांच्या सहली तिथे येतात. पोरं फुलपाखरं मोजतात. ज्या मंडळींच्या ज्ञानावर मोगलीचं जंगल उगवलं त्यांच्या संस्थेच्या अंगणात आपली मुलं खेळतायत, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

भाषा तर कान देऊन ऐकण्याजोगी. बघीरा, भालू, हाथी, शेरखान, नाग. घारीला चिल, चिचुंद्रीला चुचुंद्रा, शिंपी पक्ष्याला दर्जी. मीता आणि आयेच्या मांडीवर ऐकलेले शब्द पंचवीस वर्षांनी बर्फात उठून उभे राहिले. नदी वैनगंगा, आपल्या भंडारा-गडचिरोलीतून जाणारी तीच. आणि 'रेड डॉग' या गोष्टीत जंगलावर तुटून पडणारी रानकुत्र्यांची धाड येते ती दख्खनेतून. रानकुत्रा म्हणजे आपला कोळसुंदा. लांडग्यांच्या सुव्यवस्थित राज्यावर दक्षिणेकडून येणारी, दिसेल ते फाडत जाणारी, संख्येनं भारी फौज! वैनगंगेच्या घळीतली आग्या मोहोळं उठवून मोगली तिचा नाश करतो. दख्खनच्या धाडींच्या जुन्या दहशतीचा पडसाद मला त्यात ऐकू येतो. हे माझं वाचन आहे, पुरावा नव्हे. ज्यांनी मारुती चितमपल्लींचं लेखन वाचलंय, त्यांना त्याच वैनगंगेच्या खोऱ्यातलं रान नावागावासकट भेटलेलं असतं. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा'ही त्याच पट्ट्यातलं. ही पुस्तकं 'जंगल बुक'च्या शेजारी ठेवून वाचली की किपलिंगला प्राण्यांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या शिस्तीत जास्त रस होता हे ध्यानात येतं.

शिस्त, म्हणजे त्याचा तो प्रसिद्ध 'जंगलचा कायदा'. लोक समजतात की त्याचा अर्थ बळी तो कान पिळी. किपलिंगच्या पुस्तकात अर्थ बरोबर उलटा आहे. तिथे कायदा फार जुना आणि फार कडक आहे. कुणी कुठे शिकार करावी, पाण्यावर कुणी कुणाला मारू नये, सगळं ठरलेलं. कायदा न पाळणारी वानरं तेवढी हलकी. हा कायदा भालू शिकवतो. मान्य करणाऱ्यांनी तो कधी मिळून ठरवला असं दिसत नाही. बालवीरांच्या चळवळीनं तो १९१६ साली लहान मुलांच्या पथकांसाठी उचलला. आपल्या शाळांतले कब-बुलबुल अकेलाचं नाव घेतात ते तिथून.

आणि या कायद्याचा शेवट कुठे होतो? 'इन द रुख' नावाची एक कथा आहे. ती 'जंगल बुक'च्या आधी, १८९३ साली छापून आली. मुलांच्या आवृत्त्यांत ती नसते, म्हणून बहुतेकांना ठाऊक नाही. त्यात मोगली मोठा झालाय. जंगल खात्याचा जर्मन वळणाचा वरिष्ठ अधिकारी म्युलर त्याला पाहतो आणि सरकारी नोकरी देऊ करतो : वनरक्षक, पगार, शेवटी पेन्शन. मोगली ती घेतो. दोन्ही कळपांनी हाकललेला मुलगा अखेर जंगल खात्याच्या आश्रयाला येतो आणि लेखकाला हा सुखाचा शेवट वाटतो.

हे जंगल खातं १८६४ साली स्थापन झालं. १८७८च्या कायद्यानं राखीव जंगलं झाली आणि पिढ्यान्पिढ्या तिथून लाकूडफाटा, मोह, गवत घेणारा माणूस एका रात्रीत चोर ठरला. मोगलीला नोकरी मिळण्याच्या दहा वर्षं आधी, १८८३ साली, पुण्यात महात्मा फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. त्यात त्यांनी जंगल खात्यावर थेट कोरडा ओढलाय. डोंगर, दऱ्या, गायरानं या खात्यानं गिळली, शेतकऱ्याच्या शेरडा-करडांना रानात पाय ठेवायला जागा उरली नाही, अशी ती तक्रार. माझ्या दृष्टीनं किपलिंगला दिलेलं खरं उत्तर हे आहे, आणि ते त्यानं प्रश्न मांडण्याआधीच मराठीत लिहून झालं होतं. दोघांनीही एकच खातं पाहिलं. एकाला त्यात सुव्यवस्था दिसली, दुसऱ्याला त्या सुव्यवस्थेची किंमत कुणाच्या दावणीतून वसूल होते ते दिसलं.

खानदेशच्या वाचकांसाठी आणखी एक कथा : 'द टूम ऑफ हिज अँसेस्टर्स', १८९७ ची. सातपुड्यातले भिल्ल देवी टोचून घ्यायला घाबरतात. त्यांच्या लाडक्या साहेबाचा नातू येतो, आजोबांचा अवतार ठरतो, वाघ मारतो आणि सगळे निमूट दंड पुढे करतात. कथा रंगतदार आहे, भिल्लांविषयी तिच्यात माया आहे. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये हाफकिननं प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. लोकांचा विश्वास मिळवायचा एक मार्ग तो, आणि वाघावर बसणाऱ्या साहेबाच्या दंतकथेचा मार्ग हा. किपलिंगला दुसराच सुचला.

आमच्या उद्यानातले वारली पाडे त्याला दाखवता आले असते तर! सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं रान, भोवती दाटीवाटीनं शहर, आत पन्नासच्या आसपास बिबटे आणि त्यांच्याच वाटांवर माणसांची घरं. पाड्याच्या कडेला झाडाखाली शेंदूर लावलेला वाघोबा असतो. एका वाघबारशीला मी तिथे होतो. दिवाळीच्या तोंडावरची संध्याकाळ. नारळ फुटला, पानावर भात ठेवला, पोरं पळत होती. तिथली एक म्हातारी बाई बिबट्याचं नाव घेत नव्हती. 'तो' म्हणायची, किंवा 'देव'. मी विचारलं, भीती वाटत नाही? ती म्हणाली, "वाटते की. म्हणून तर त्याला द्यायचं नि त्यानं आपल्याला सांभाळायचं. तो त्याच्या वाटंनं, आपण आपल्या." २००२ ते २००४ च्या वाईट काळात उपनगरांत बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं मेली, ती जखम खोटी नाही. तरी देण्याघेण्याचा हा करार वरून कुणी शिकवलेला नाही. त्यात साहेब नाही, भालू गुरुजी नाही, पेन्शनही नाही. जंगलचा कायदा म्हणून मला आता तोच आठवतो.

कविता मी इथे थोडक्यात उरकतोय, कारण मला त्यांतल्या मोजक्याच आवडतात. शाळांच्या भिंतींवर टांगलेली 'इफ' उपदेश म्हणून ठीक आहे. सामान्य शिपायाची बोली त्यानं काव्यात आणली, हे मात्र मोठं काम. खऱ्या वेदनेच्या कविता उशिरा आल्या. १९१५ मध्ये लूसच्या लढाईत त्याचा मुलगा जॉन हरवला. अधू नजरेमुळे सैन्यानं नाकारलेल्या त्या मुलाला बापानंच वशिला लावून भरती केलं होतं. नंतर किपलिंग युद्धातल्या थडग्यांच्या मंडळावर हजारो मुलांच्या दगडांसाठी शब्द निवडत राहिला. १९३६ मध्ये तो गेला तोवर त्याला स्वतःच्या मुलाचं थडगं सापडलं नव्हतं.

रद्दीवाल्याकडे मिळालेली माझी 'किम'ची प्रत जुनी आहे. पुठ्ठ्यावर गणपतीसारखं हत्तीचं मुख आणि शेजारी स्वस्तिक. हत्तीमुखाचं ते चिन्ह लॉकवुडनं केलेलं. नाझींनी स्वस्तिक उचललं तसं ते रुडयार्डनं पुस्तकांवरून काढून टाकायला लावलं. शेजारच्या मुलानं प्रत हातात घेऊन विचारलं, हे पूजेचं पुस्तक आहे का? त्याला मोगली माहीत होता, त्याच्या वडिलांमुळे : १९९३च्या रविवारी सकाळी दूरदर्शनवर हिंदीत बोलणारा मोगली, गुलजारांचं शीर्षकगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. किपलिंगचा वाघ अखेर एका मराठी माणसाच्या गळ्यातून गुरगुरला.

त्या मुलाला आणि त्याच्या बहिणीला घेऊन गेल्या महिन्यात मी लोकलनं सीएसएमटीला गेलो. जे. जे.च्या फाटकातून बंगला दाखवला आणि रस्ता ओलांडून मार्केटच्या दारात उभे राहिलो. वर लॉकवुडची उठावशिल्पं आहेत, हिंदुस्थानी शेतकऱ्यांची. कष्टाची, पण सुरेख, शांत, तक्रार नसलेली माणसं. मार्केटचं नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. मुलीनं आधी नाव वाचलं, मग मान वर करून शिल्पातल्या शेतकऱ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "हे फुल्यांचे शेतकरी आहेत का?" आत पेरूच्या टोपल्या उतरत होत्या. आम्ही अर्धा डझन घेतले आणि परतीच्या गाडीत मी त्यांना दोघांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. दादर आलं तेव्हा मी अजून आयेच्या क्रुसापाशीच होतो.